उषाताईंचा शेवटचा परिच्छेद

उषाताई,

प्रथम क्षमा मागते. तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार असलेली माणसे पुष्कळ आहेत. औषधांच्या चाचण्यांच्या संख्याशास्त्रात तुमच्याबरोबर आयुष्य घालवलेले सहकारी आहेत, विद्यार्थी आहेत, तुमचा मुलगा निखिल आहे. मी यांपैकी कुणीच नाही. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली, ब्रिस्टलच्या एका ग्रंथालयाच्या काउंटरमागे अर्धे आयुष्य काढलेली आणि साठीला टेकल्यावर तुमच्याकडून सरासरी म्हणजे काय ते शिकलेली मी एक बाई. अर्ज आणि शुभेच्छापत्रे यांपलीकडे मी आजवर काही लिहिलेले नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी दोन पाने द्या, असे सांगणे आले तेव्हा नकाराचे शब्दही मी जुळवून ठेवले होते. पण आपले एक भांडण अर्ध्यावर राहिले आहे. समोरचे माणूस उठून गेल्यावर आपली बाजू मांडणे हे सभ्यपणाचे नाही, हे मला कळते. तरीही मांडते आहे, आणि जमेल तिथे तुमचीही मांडणार आहे.

तुमचा शनिवारचा वर्ग मी पहिल्यांदा पाहिला तो खुर्च्या लावताना. मराठी शाळेची मुले घरी गेली की हॉल आवरायला मी थांबत असे, आणि तुम्ही पाच-सहा मंडळींना घेऊन खिडकीपाशी बसत असा. त्या दिवशी तुम्ही जमिनीवर काळी चादर अंथरलीत आणि तिच्यावर मूठभर साबुदाणा उधळलात.

"काय दिसतं?" तुम्ही विचारलेत.

विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले देशमुख काका चष्मा वर करून वाकले. "मोर. स्पष्ट मोर आहे. हा पिसारा."

"मला स्कूटर दिसतेय," प्रिया म्हणाली. ती पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, वर्गात सर्वांत लहान.

"उपासाचा जिन्नस असा जमिनीवर, उषाताई?"

"तुम्ही उपास करता का कधी, देशमुख? मग? आता दुसरी मूठ घ्या आणि शेजारी मांडा. कसेही. काही पद्धत नको."

काकांनी पाच मिनिटे एकेक दाणा ठेवला. प्रत्येक दाण्याला त्यांनी ऐसपैस जागा दिली. तुम्ही हसलात. "बघा. माणसाला योगायोग नकली करता येत नाही. तुम्ही सगळ्यांना सारखं अंतर दिलंत. खऱ्या योगायोगात गर्दी होते, रिकामे पट्टे राहतात, आणि मग आपल्याला त्यात मोर दिसतो." हातात खुर्ची तशीच धरून मी उभी होते. "अगं, ती खुर्ची खाली ठेव आणि तिच्यावरच बस," तुम्ही म्हणालात. मी बसले. मला वाटते, माझ्या आयुष्यात कुणी मला इतक्या सहज आत घेतलेले नाही.

मग एकदा थंडीत ब्रिस्टलजवळच्या मेंडिपच्या टेकड्यांवर गेलो. संध्याकाळचे सहाच वाजले होते, पण अंधार दाट होता. कार पार्कमध्ये फ्लास्कमधला चहा वाटत तुम्ही वर बोट केलेत. शर्मिष्ठा तारकासमूहाचे पाच तारे दाखवलेत आणि सांगितलेत की हे पाच जण एकमेकांना ओळखतही नाहीत. कुणी जवळ, कुणी कितीतरी दूर. आपण इथे उभे आहोत म्हणून त्यांची आकृती होते. मग कृत्तिका दाखवल्यात. एवढ्याशा जागेत इतके तारे निव्वळ योगायोगाने येणे जवळपास अशक्य. ही खरी भावंडे, एकाच ढगातून जन्मलेली.

"पण नुसतं बघून फरक कळत नाही," मी म्हणाले.

"नाहीच कळत. मोजावं लागतं. आणि मोजूनही कधीकधी कळत नाही. तेव्हा तसं म्हणायचं."

ते वाक्य मी त्या वेळी एक सौम्य विनोद म्हणून ऐकले. पुढे ते मला इतके अवघड जाईल, असे वाटले नव्हते.

तुमच्या वर्गाची एक रीत होती. मी ती इतरत्र कुठे पाहिली नाही. कुठलीही मोजणी सुरू करण्याआधी प्रत्येकाने, आपल्याला कोणते उत्तर हवे आहे, ते मोठ्याने सांगायचे. काय येईल असे वाटते ते नव्हे. काय यावे अशी इच्छा आहे ते. काकांना ही रीत मुळीच पसंत नव्हती. "मी इंजिनियर आहे, मला काहीही नको, मला फक्त रीडिंग हवंय," असे ते म्हणत. तुम्ही त्यांना सोडत नसा. "हवं असतंच, देशमुख. ते पोटात ठेवलंत तर ते हाताला ढकलतं. बाहेर काढून टेबलावर ठेवा, म्हणजे सगळे त्याच्यावर लक्ष ठेवतील." मला ही रीत फार जड जाई. आपल्याला काय हवे ते चारचौघांत सांगणे हे आमच्या घरात कधी शिकवलेच नव्हते.

माझ्यासाठी म्हणून तुम्ही तारे सोडून लिखाणाकडे वळलात, हे मला ठाऊक आहे. तुम्ही कधी कबूल केले नाहीत. मंडळाच्या जुन्या अंकांतले लेख नावे झाकून घेतलेत आणि लेखक ओळखायला सांगितलेत. आम्ही विषयांवरून, मोठमोठ्या शब्दांवरून तर्क केले, आणि ते चुकले. मग तुम्ही सांगितलेत की मोठे शब्द कुणीही उसने घेतो, माणूस सापडतो तो बारीक शब्दांत: पण, तर, म्हणून, सुद्धा, मात्र. हे शब्द आपण निवडत नाही, ते हातातून सांडतात. मोजल्यावर नावे एकेक करून लागत गेली. माझा लेख नव्हताच. पण गणपतीच्या कार्यक्रमाचे माझे चार ओळींचे निवेदन तुम्ही कुठून तरी आणले होते.

"सुनीता, चार ओळीत तीनदा 'कदाचित'. कार्यक्रम सात वाजता आहे की कदाचित आहे?"

सगळे हसले. मीही हसले. ग्रंथांच्या सहवासात एवढी वर्षे काढून मला कुणी असे वाचले नव्हते.

मग नीतीचा विषय निघाला, म्हणजे काकांनी काढला. औषधाच्या चाचणीत कुणाला खरे औषध आणि कुणाला नुसती साखरेची गोळी, हे नाणे उडवावे तसे ठरवतात, याचा त्यांना संताप होता. "आजारी माणसाशी जुगार खेळता तुम्ही लोक." तुम्ही रागावला नाहीत. एक जुनी हकीकत सांगितलीत. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये एका रुग्णाच्या आईने तुम्हाला गाठले होते आणि माझ्या मुलाला खरे औषध मिळते आहे ना, असे विचारले होते. तुम्हाला ते ठाऊक नव्हते. ठाऊक असू नये अशीच व्यवस्था होती. तसे तुम्ही तिला सांगितलेत. ती म्हणाली, मग तुम्ही इथे कशासाठी आहात?

"'हो' म्हणायचं होतं," मी म्हणाले. मी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "एका शब्दानं तिची रात्र सुखाची गेली असती."

"गेली असती. आणि उद्या दुसऱ्या आईला मी 'हो' म्हटल्यावर तिनं त्यावर विश्वास का ठेवावा?"

"दुसरी आई तिथे नव्हती, उषाताई. ही होती."

तुम्ही म्हणालात, "हे भांडण आपण राखून ठेवू." राखून ठेवले ते असे समोर आले.

अश्विनी आपल्याकडे आली ती प्रियाच्या घरातली भाडेकरू म्हणून. हे तिचे खरे नाव नाही. ती यवतमाळकडची, मराठी माध्यमात शिकलेली, सार्वजनिक आरोग्यात एम.एस्सी. करायला आलेली. तिचे विद्यापीठ कोणते हे इथे महत्त्वाचे नाही. पहिल्या दिवशी तुमच्या नागपुरी बोलीत "काहून गं, इतकी बारीक तू?" हे ऐकून तिचा चेहरा उजळला. पुण्यामुंबईच्या आमच्या गर्दीत तिला तिच्या मुलखाचे बोलणे सापडले. त्या दिवसापासून तुम्ही तिच्या आजी झालात.

वसंतात तिचा प्रबंध अडकला. विद्यापीठाच्या एका प्रणालीने, हा मजकूर यंत्राने लिहिला असावा, असा शेरा तांबड्या रंगातल्या एका मोठ्या टक्केवारीसह मारला. पॅनेलपुढे सुनावणी ठरली. आरोप टिकला तर नाव काढून टाकणार, आणि नाव गेले की व्हिसाही जाणार. घरच्यांनी तिच्यासाठी काय पणाला लावले होते, हे ती सांगत नसे. वडिलांचा फोन आला की ती बाहेर बागेत जाऊन बोले आणि परत येताना तोंड धुऊन येई.

"आजी, तुम्ही प्रूव्ह करा ना की मी लिहिलंय," ती म्हणाली.

"प्रूव्ह नाही करता येत, बेटा. मोजता येतं."

त्या प्रणालीवर कितपत विसंबावे, याबद्दल अश्विनीच्या बाजूने तुमचा लेखी अहवाल पॅनेलने मागवला. त्या शनिवारी तुम्ही सर्वांना आपापले जुने इंग्रजी लिखाण आणायला सांगितलेत, अट एवढीच की ते असली यंत्रे निघण्याच्या आधीचे हवे. मी ग्रंथालयाच्या नोकरीचा माझा अर्ज आणला. प्रियाने तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट आणला. काकांनी कौन्सिलला लिहिलेली कचरापेट्यांची तक्रार आणली; ती त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. मोजणीआधी रीतीप्रमाणे सगळे बोलले. तुम्ही सर्वांत आधी बोललात, आणि तुमचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला ही पोर सुटायला हवी आहे. लिहून ठेवा."

प्रियाने तसल्याच एका प्रणालीत एकेक मजकूर घातला. काकांची तक्रार यंत्राने लिहिलेली निघाली. माझा अर्जही. प्रियाचा प्रोजेक्ट अर्धा.

"मी यंत्र आहे, हे आमची ही तीस वर्षं सांगतेय," काका म्हणाले. "आता तिला कागदच दाखवतो."

"काका, 'विथ रेफरन्स टु द अबव्ह' लिहिल्यावर दुसरं काय होणार?" प्रिया म्हणाली.

"मग काय लिहू? 'हाय, बिन उचला'?"

अश्विनी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसली. शाळेत पाठ करून शिकलेले, चुकू नये म्हणून सरळ रुळावरून चालणारे आपले इंग्रजी. ती प्रणाली त्यालाच यंत्र म्हणत होती. तिथे थांबलो असतो, उषाताई, तर आपले भांडण झालेच नसते.

पण तुम्ही थांबला नाहीत. प्रणाली वाईट आहे, याने मुलगी खरी ठरत नाही, असे म्हणून तुम्ही अश्विनीचे आधीचे निबंध मागवलेत. ते तिने वर्गात, पर्यवेक्षकांसमोर बसून लिहिले होते. त्यांतले बारीक शब्द आणि प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणातले बारीक शब्द तुम्ही शेजारी शेजारी लावलेत. तुमची नजर अधू झाली होती, म्हणून टंकलेखन माझ्याकडे होते. तुमच्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून आपण ते काम केले. तुम्ही सांगायच्या, मी लिहायची, मधूनच तुम्ही गॅसवरचे दूध उतरवायला उठायच्या. एकामागून एक प्रकरणे जुळत गेली. आणि मग एक जुळले नाही.

तिसरे प्रकरण. आधीच्या संशोधनाचा आढावा. त्यातले बारीक शब्द तिच्या इतर लिखाणातल्यासारखे नव्हते. तुम्ही मला पुन्हा मोजायला लावलेत. पुन्हा तेच आले.

पुढच्या शनिवारी तुम्ही अश्विनीला बोलावून सरळ दाखवलेत. तिने खुर्ची पुढे ओढून आकडे वाचले. मग म्हणाली, "ते मी आधी मराठीत लिहिलं होतं, आजी. बाबा ॲडमिट होते तेव्हा. डोक्यात इंग्लिश येतच नव्हतं. मग ट्रान्सलेट केलं."

"मराठीतलं आहे का?"

"नाही. फोनमध्येच लिहिलं होतं. झाल्यावर डिलीट केलं. लाज वाटली."

मला ते पटले. आपल्यापैकी कोण असे करत नाही? अडचणीची गोष्ट आली की आधी आपल्या भाषेत, मग त्यांच्या. आणि पहिला मसुदा कुणाला दिसू नये म्हणून धडपड. 'ट्रान्सलेट केलं' म्हणजे स्वतः बसून केले की फोनला करायला सांगितले, हे मी विचारले नाही. मला वाटले, तुम्ही विचाराल. तुम्हीही विचारले नाहीत. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "लिही. नवा परिच्छेद." आणि सांगितलेत: तिसऱ्या प्रकरणातील शब्दांचे प्रमाण विद्यार्थिनीच्या इतर लिखाणाशी जुळत नाही. विद्यार्थिनीने दिलेले कारण शक्य आहे. ते खरे आहे की नाही, हे या पद्धतीने सांगता येत नाही. मला ठाऊक नाही.

मी लिहिले. हात थांबले तरी लिहिले. मग म्हणाले, "हा राहू द्या ना, उषाताई. त्यांनी त्या प्रणालीबद्दल विचारलंय. आपण तेवढंच उत्तर देऊ."

"आणि हे?"

"हे त्यांनी विचारलेलं नाही."

"मी मोजलंय."

तो शनिवार तसाच संपला. रविवारी संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. दिवसभर वाक्ये जुळवून मग केला. म्हणाले, तुम्ही न्यायाधीश नाही, तुम्ही तिच्या बाजूने उभ्या आहात. वकील आपल्या अशिलाविरुद्ध पुरावा देत नाही. तुम्ही म्हणालात, मी वकील नाही. मी म्हणाले, त्या पॅनेलला आकडे कळत नाहीत, ते तुमचे 'ठाऊक नाही' असे वाचतील की हिने लबाडी केली. तुम्ही म्हणालात, कदाचित. माझाच शब्द मला परत दिलात, आणि मला राग आला. मी आवाज चढवला. तुमच्याशी पहिल्यांदाच.

"पोरगी उघड्यावर येईल, उषाताई! तुम्हाला तुमच्या पद्धतीची पडलीये."

रागावलात की तुमच्या बोलण्यात सगळे नागपूर उतरत असे. "काहून ओरडून राहिली माझ्यावर? मले नाही वाटत का तिचं? मी सगळ्यांसमोर बोलून बसले ना, मले ती सुटायला पाहिजे म्हणून! म्हणूनच तो परिच्छेद काढायचा माझा हक्क गेला. ज्याला काहीच नको होतं त्यानं काढावा."

"तसं कुणीच नाही इथे."

"मग कुणीच काढू नये."

मी फोन ठेवला. 'ठेवते' असेही म्हणाले नाही.

मंगळवारी सकाळी निखिलचा फोन आला. तो इथेच जन्मलेला, त्याचे मराठी तुम्हाला ऐकवत नसे आणि तरी तुम्ही त्याच्याशी हट्टाने मराठीच बोलायच्या. "काकू," तो म्हणाला, "आईचा हार्ट झोपेत थांबली. मला वाटलं, तुम्हाला पहिले सांगायचं." मी त्याला धीर द्यायला हवा होता. मी विचारले, रविवारनंतर आई माझ्याबद्दल काही बोलली का? तो गोंधळला. "नाही, काकू. का?"

अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता आणि तो माझ्या लॅपटॉपमध्ये होता. त्यावर तुमची सही नव्हती. विद्यापीठाला कळवले तेव्हा त्यांनी लिहिले की मजकूर लेखिकेने सांगितला तसाच आहे, असे टंकलेखन करणाऱ्याने खाली नमूद करून पाठवले तरी चालेल. म्हणजे मी. तो परिच्छेद पुसायला बोटाचा एक दाब पुरला असता. तिसरे प्रकरण जुळत नाही, हे ठाऊक असलेली जगात दोनच माणसे उरली होती, मी आणि अश्विनी. गुरुवारी दिवसभर मी ती फाइल उघडली आणि मिटली. जेवण करपले. घरच्यांनी विचारले तर सांगितले, तुमच्या जाण्याचे दुःख आहे. ते खोटे नव्हते, पण तेवढेच नव्हते. तुमच्यावर रडावे की तुमच्याशी भांडावे, हे मला कळत नव्हते. तुमच्या माघारी तुमचे शब्द कापणे आणि तुमच्या शब्दांनी त्या पोरीला कापणे, यांपैकी एक मला करायचे होते. तिसरा मार्ग शोधत मी संध्याकाळ केली.

मग मी अश्विनीला फोन केला. तिला न सांगता यातले काहीही करणे मला योग्य वाटेना.

तिने सगळे ऐकून घेतले. "काकू, तुम्ही काढून टाका ना," ती म्हणाली. "प्लीज. आजींना आता काय फरक पडतो?"

तुम्हाला फरक पडत नाही, हे खरेच आहे. तुम्ही जिथे आहात तिथे पॅनेल नाही, सरासरी नाही. मी फाइल पुन्हा उघडली.

"काकू? तुम्हाला काय वाटतं, मी खोटं बोलतेय?"

"नाही," मी म्हणाले.

"मग?"

हे 'नाही' मी मोजून म्हटले नव्हते. मला ते हवे होते म्हणून म्हटले होते. आणि त्याच क्षणी मला कळले की तुमच्यासारखाच माझाही तो परिच्छेद काढायचा हक्क गेला होता. शुक्रवारी दुपारी मी अहवाल पूर्ण पाठवला. खाली लिहिले: मजकूर लेखिकेने सांगितला तसाच आहे. तुमचे म्हणणे पटले म्हणून नव्हे, उषाताई. तुमचे अजूनही मला सगळे पटलेले नाही. त्या कॉरिडॉरमधल्या बाईला मी आजही 'हो' म्हणेन. पण त्या एका ओळीखाली माझे नाव यायचे होते, आणि ती ओळ खोटी लिहायला माझा हात उठला नाही. याला नीती म्हणायचे की भित्रेपणा, हे तुम्ही असतात तर तुम्हाला विचारले असते. तुम्ही हसला असतात आणि म्हणाला असतात, दोन्हींचा नमुना फार लहान आहे.

इथे अंत्यसंस्काराला तारीख मिळायलाच दिवस जातात. तुमची तारीख मिळेपर्यंत अश्विनीची सुनावणी होऊन गेली. मी बरोबर येते म्हटले होते. तिने नको म्हणून कळवले. आठवडाभर तिने माझा फोन घेतला नाही.

क्रेमेटोरियममध्ये ती आली. शेवटच्या रांगेत बसली. निखिलने तुमच्याबद्दल इंग्रजीत छान सांगितले. काकांना बोलायचे होते, पण ते उभे राहिले आणि तसेच खाली बसले. बाहेर पार्किंगमध्ये ती माझ्याजवळ आली.

"त्यांनी तोच परिच्छेद वाचला, काकू," ती म्हणाली. "बाकी सगळ्यावर पाच मिनिटं, त्याच्यावर अर्धा तास. मग त्या मेन बाई होत्या ना, त्या मला म्हणाल्या, हे तुमच्याच बाजूच्या लोकांनी का ठेवलं?"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मला माहीत नाही. मी तर काढा म्हणून सांगितलं होतं."

असे बोलून तिने स्वतःला वाचवले की बुडवले, मला आजही सांगता येत नाही. तिलाही कळत नव्हते. "तोंडातून निघून गेलं," ती म्हणाली. "त्या बाईंनी पेन खाली ठेवलं." मग ती एकदम रडली, माझ्या खांद्यावर नव्हे, प्रियाच्या गाडीला टेकून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

निर्णय अजून आलेला नाही. रोज सकाळी ती ईमेल उघडते, असे प्रिया सांगते. तिच्याविषयी लिहू का, असे मी विचारले तेव्हा तिने एका शब्दात उत्तर पाठवले: लिहा. त्या शब्दात राग होता की परवानगी, हे मोजायला तो फारच एकटा आहे.

तुम्हाला सांगायचे राहिले ते एवढेच. तुम्ही मला साठीत नवे डोळे दिलेत. आता मी वर्तमानपत्र वाचते, लोकांची बोलणी ऐकते, आणि आधी विचारते की सांगणाऱ्याला काय हवे होते. स्वतःला विचारते की मला काय हवे आहे. हे शिकवल्याबद्दल तुमचे आभार मानायचे मी सभेसाठी, निरोपासाठी, कुठल्या तरी योग्य प्रसंगासाठी राखून ठेवले होते. आणि प्रसंग आला तेव्हा मी फोन आदळला. रविवारी तुम्ही परत फोन कराल, असे वाटून मी जेवणाच्या टेबलावर फोन उलटा ठेवला होता, वाजला तर लगेच उचलावा लागू नये म्हणून. तुम्हालाही तसेच काही वाटले असेल का? तुम्ही गेलात तेव्हा माझ्यावर रागावलेल्या होतात की नव्हतात, याला माझ्याकडे एकही निरीक्षण नाही.

तुमच्यावर माझे प्रेम होते, आणि तुम्ही चुकलात असे मला अर्धा दिवस वाटते. उरलेला अर्धा दिवस, मी तो परिच्छेद काढला असता तर आज तुमच्यासाठी हे लिहू शकले नसते, असे वाटते. या दोन अर्ध्यांची सरासरी काढता येत नाही, हेही तुम्हीच शिकवलेत.

आणि आता हा अंक ज्यांच्या हातात आहे त्या तुम्हा सर्वांना विचारते. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात शिकणारे कुणीतरी आहे. पॅनेलपुढे तुमची मुलगी उभी असती, तर तो परिच्छेद तुम्ही ठेवला असता का?